मुलांच्या व्हॉलीबॉल क्लबचं वर्ष: एप्रिल ते मार्च कसं आखायचं

स्पर्धेचं पत्रक हातात पडलं की मगच बरेच क्लब जागे होतात. पंधरा दिवस पोरांना सकाळ-संध्याकाळ पळवायचं, दोन सामने जिंकायचे, आणि स्पर्धा संपली की मैदान पुन्हा ओस. अशाने एखादा करंडक मिळेल, पण खेळाडू घडत नाहीत. सहावीत आलेलं पोर दहावीपर्यंत मैदानावर टिकलं, तर ते वर्षभराच्या आखणीमुळेच. पुण्यात ही आखणी महिन्यामहिन्याने कशी करायची, ते इथे सविस्तर लिहितो.

त्याआधी माझं एक ठाम मत, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. क्लबचं काम बाराव्या खेळाडूवरून तपासावं. मैदानावर उतरणारे पहिले सहा चांगलेच असतात, ते कुठेही गेले तरी खेळतील. यादीत शेवटी नाव असलेला, अजून उंची न वाढलेला मुलगा पुढच्या एप्रिलमध्ये परत आला का, हे पाहायचं. उंची कुणाची बाराव्या वर्षी वाढते, कुणाची सोळाव्या. तेराव्या वर्षी बाकावर बसून कंटाळून गेलेला मुलगा सतराव्या वर्षी सहा फुटांचा होतो, तेव्हा तो आपल्या मैदानावर नसतो.

पहिलं काम: बंद दिवस भिंतीवर लावा

मार्चच्या शेवटी कोरं कॅलेंडर घ्या आणि त्यावर आधी स्पर्धा लिहू नका. जे दिवस आपल्या हातात नाहीत ते लिहा. राज्य मंडळाची बारावीची आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शाळांच्या वार्षिक परीक्षा त्यानंतर. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे एकाच क्लबातली निम्मी मुलं सुट्टीवर आणि निम्मी वर्गात असं चित्र दिसतं. त्यांच्यासाठी संध्याकाळची तुकडी ठेवावीच लागते.

जून-जुलैत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. त्या दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात आणि अनेक शाळांमध्ये वारकऱ्यांची सोय केलेली असते. शाळेचं मैदान वापरत असाल तर ते दिवस सरळ सुट्टीचे धरा. मग गणेशोत्सव, त्यानंतर ऑक्टोबरच्या आसपास सहामाही, मग दिवाळी.

गणपतीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बाहेरगावाहून आलेल्या प्रशिक्षकांना हे लवकर उमगत नाही. ढोल-ताशा पथकांचा सराव उत्सवाच्या कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, आणि तोही संध्याकाळी, आपल्याच वेळेला. मोठ्या गटातली मुलंमुली पथकात जाणार हे गृहीत धरा. त्यांना अडवण्यात अर्थ नाही. जूनमध्येच त्यांच्याशी बसून ठरवा की आठवड्यातले कोणते दोन दिवस पथकाचे आणि कोणते तीन मैदानाचे. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी उड्या मारायला लावू नका. त्या दिवशी त्याला सर्व्हिस आणि फिंगरचं (बोटांनी चेंडू वर उडवायचं) काम द्या.

एवढं सगळं काट मारून उरतात ते तुमचे खरे दिवस. साधारण तीन सलग पट्टे हाती लागतात: एप्रिल-मे, जूनचा मध्य ते ऑगस्ट, आणि दिवाळीनंतर ते जानेवारी. प्रत्येक पट्ट्याचं काम वेगळं.

मैदान आणि कागद

पुण्यात मैदान मिळणं हाच मोठा डोंगर आहे. शाळा, महापालिकेची क्रीडांगणं, सोसायटीचा मोकळा भाग, जे मिळेल ते घ्या, पण लेखी घ्या. कोणते वार, किती ते किती, दिव्यांचं बिल कोण भरणार, नेट आणि खांब कुठे ठेवायचे, शाळेचा कार्यक्रम असला तर किती दिवस आधी कळवणार. तोंडी परवानगीवर चाललेली तुकडी मुख्याध्यापक बदलले की रस्त्यावर येते.

जागा निवडताना कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवता येते का पाहा. पूर्व-पश्चिम कोर्टावर संध्याकाळी साडेपाचचा सूर्य एका बाजूच्या मुलांच्या थेट डोळ्यांत येतो आणि उंच आलेला पास दिसतच नाही.

मैदान आखण्याचं काम मुलांकडूनच करून घ्या. कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे ९ बाय ९ चे दोन चौकोन होतात. दोरीने चारी बाजू बरोबर मोजल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्ण मोजायचा. अर्ध्या कोर्टाचा कर्ण १२.७३ मीटर आला पाहिजे. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच फक्की टाकायची. रेषा ५ सेंटिमीटर रुंद, आणि ती मापाच्या आतच धरायची. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३ मीटरवर अटॅकची रेषा. भोवती किमान ३ मीटर मोकळी जागा सोडा, तिथे दगड, सायकली, दप्तरं काहीही नको. सहावीतल्या मुलांना गणितात पायथागोरस शिकवायच्या आधी मैदानावर कळतो, हा यातला खास फायदा.

खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर, आणि त्यांना फोमचं आवरण हवंच. नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ आणि महिलांसाठी २.२४ मीटर, मोजायची ती कोर्टाच्या मध्यावर. लहान वयोगटाची उंची स्पर्धेच्या परिपत्रकाप्रमाणे ठेवा. सरावात बारा वर्षांखालच्यांना तर आणखी खाली नेट बांधून द्या. नेट फार उंच असलं की पोरं कोपर वाकवून चेंडू कसाबसा पलीकडे ढकलायला शिकतात, आणि ती सवय पुढे काढता काढता दोन वर्षं जातात. नेट ढिलं असेल तर नेटमधून परत आलेला चेंडू उचलायचा सराव होत नाही, म्हणून वरची तार आणि खालची दोरी दोन्ही ताणून बांधा.

मुरमाचं मैदान असेल तर उन्हाळ्यात रोज पाणी मारावं लागतं, आणि आठवड्यातून एकदा खडे वेचून रोलर फिरवावा लागतो. हे काम वेळापत्रकात लिहा, नाहीतर ते कुणाचंच होत नाही.

संस्था म्हणून नोंदणी हवी का? मुलं थोडी असतील आणि शाळेच्या आधाराने चाललं असेल तर पहिल्या वर्षी नोंदणीशिवाय चालतं. पण देणगी घ्यायची, मैदानाचा करार करायचा, जिल्हा व्हॉलीबॉल संघटनेकडे क्लब म्हणून जायचं, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करून घ्यावी. सोसायटी नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. बँकेचं खातं दोन सह्यांचं ठेवा. प्रशिक्षकाच्या खात्यावर फी घेणं पहिल्या दिवसापासून टाळा, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी.

एप्रिल-मे: शिबिर

संघ या दोन महिन्यांत घडतो, म्हणून यावर सर्वांत जास्त ताकद लावा. पुण्यात या दिवसांत दुपारी पारा सहज ३८-४० अंशांवर जातो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढंच खेळायचं. दर वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी, आणि ती मुलांनी मागावी लागू नये. पिंपात साधं पाणी आणि शेजारी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवलं की पुरे, महागड्या बाटल्यांची गरज नाही.

येईल त्या प्रत्येकाला घ्या. पहिल्या दिवशी निवड चाचणी ठेवून मुलांना परत पाठवणारे क्लब मला पटत नाहीत. फक्त गट पाडा, आणि ते वयानेच पाडू नका. नवे, एक वर्ष खेळलेले, आणि सामने खेळणारे असे तीन गट पुरतात. नोंदवहीत प्रत्येकाची जन्मतारीख, शाळा, इयत्ता, उंची, उभ्याने हात वर करून कुठपर्यंत पोहोचतो आणि उडी मारून कुठपर्यंत, हे लिहून ठेवा. जुलैत पुन्हा मोजा, डिसेंबरमध्ये पुन्हा. आपला हात भिंतीवर दोन इंच वर गेलेला दिसला की मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता दोन तासांच्या सरावाबद्दल. चोवीस मुलं दोन रांगांत उभी, सर नेटजवळ चेंडू उडवताहेत आणि एकेक मुलगा येऊन स्मॅश मारतोय, हे दृश्य सगळीकडे दिसतं. यात एका मुलाच्या वाट्याला दर दोन-तीन मिनिटांनी एक स्पर्श येतो. बाकी वेळ तो रांगेत मस्ती करतो. त्याऐवजी दोघांत एक चेंडू द्या. समोरासमोर सहा मीटरवर उभं करून अंडरआर्म (दोन्ही हात जोडून मनगटांवर चेंडू घेणं) आणि फिंगर चालू ठेवलं की एका मिनिटात प्रत्येकाचे कितीतरी स्पर्श होतात. म्हणूनच टी-शर्ट, ट्रॅकसूट, बॅगा यांच्या आधी चेंडूंवर पैसे खर्च करा. सरावाचे आणि सामन्याचे चेंडू वेगळे ठेवा. मुरमावर चेंडूचं आवरण लवकर घासतं आणि घासलेला चेंडू सर्व्हिसला वेगळाच वळतो. चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो. हवा जास्त झाली की लहान मुलांच्या मनगटांना लागतं आणि ती अंडरआर्मला घाबरायला लागतात. हवेचा दाब मोजायचं गेज स्वस्तात मिळतं, पंपाच्या पिशवीतच ठेवा.

आमच्या सरावाचा साचा असा असतो. पहिली पंधरा मिनिटं घोटे, गुडघे, खांदे, आणि दोन पायांवर उतरायचा सराव. मग जोड्यांचं काम. मग सर्व्हिस, पण ती एकटी नाही, पलीकडे पास घेणारे तिघे उभे असतातच, म्हणजे दोन्ही कामं एकत्र होतात. शेवटचा पाऊण तास खेळ. नव्या गटाला ६ बाय १२ मीटरच्या छोट्या कोर्टावर तीन-तीन जणांत खेळू द्या. सहा-सहाच्या खेळात बुजरं मूल कोपऱ्यात उभं राहून सेट काढतं. तिघांत त्याला लपायला जागा नसते आणि महिनाभरात ते आपणहून चेंडू मागायला लागतं.

आणखी एक. चौदा वर्षांखालच्या गटात कुणालाही कायमची जागा देऊ नका. उंच म्हणून मिडल ब्लॉकर (नेटच्या मध्यावर चेंडू अडवणारा), बुटका म्हणून लिबेरो (फक्त मागे राहून बचाव करणारा), असे शिक्के या वयात मारायचे नसतात. सगळ्यांनी लिफ्ट करायची (स्मॅशसाठी चेंडू उचलून द्यायचा), सगळ्यांनी पास घ्यायचा. याचा व्यावहारिक फायदाही आहे: एकच लिफ्टर असलेला संघ त्याला ताप आला की कोसळतो. प्रत्येक गटात निदान तीन लिफ्टर तयार असले पाहिजेत.

जून: पालकांची बैठक

शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी बैठक घ्या आणि चार गोष्टी लेखी द्या: वर्षाचं वेळापत्रक, वर्षाची फी, कुणाला किती खेळायला मिळेल त्याचा नियम, आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम.

फी ठरवताना आधी खर्च मांडा. मैदान, दिवे, प्रशिक्षकांचं मानधन, चेंडू-नेट, प्रथमोपचार, स्पर्धांची प्रवेश फी आणि प्रवास. समजा चाळीस मुलं आहेत, तर फी पस्तीस मुलांवर भागेल अशी काढा. उरलेली पाच मुलं अर्ध्या फीत किंवा फी न देता खेळतील. ती कोण हे खजिनदार आणि एक प्रशिक्षक एवढ्यांनाच माहीत असावं. घरी धुणीभांडी करणाऱ्या आईचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा शेजारी उभे राहून पास घेतात, हे या खेळाचं मोठेपण आहे. त्याला पैशांमुळे तडा जाऊ देऊ नका. पुरस्कर्ते शोधताना गल्लीतले मिठाईवाले, सराफ, गणपती मंडळ यांच्याकडे आधी जा. मुलांना ते ओळखतात.

खेळायला मिळण्याचा नियम हा सगळ्यात भांडणाचा विषय, म्हणून तो बैठकीतच मोठ्याने वाचून दाखवा. चौदा वर्षांखाली आमचा नियम साधा आहे. तीन सेटच्या सामन्यात पहिला सेट एक सहा खेळतील, दुसरा सेट दुसरे सहा, आणि तिसरा लागला तर प्रशिक्षक ठरवतील. सतरा वर्षांखालच्या गटात एका सेटमध्ये सहा बदल करता येतात, त्यांतले निदान दोन वापरायचेच. यामुळे काही सामने हातचे जातात. जाऊ द्यावेत.

सुरक्षेबाबत तडजोड नाही. मुलींच्या तुकडीबरोबर महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असलीच पाहिजे, सरावालाही आणि बाहेरगावीही. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला खोलीत बोलवायचं नाही, रात्री वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, निरोप पालकांच्या ग्रुपवरच टाकायचे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक प्रशिक्षकाला असावी आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फलकावर लिहिलेला असावा.

याच बैठकीत कागदपत्रं गोळा करा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, पालकांचं संमतीपत्र, रक्तगट, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर त्याची नोंद. वय चोरण्याचा विषय कुणी काढला, "सर, एक वर्ष इकडेतिकडे होईल का?" असं कुणी विचारलं, तर तिथेच आणि सगळ्यांसमोर नाही म्हणा. एका मुलाचं वय लपवलं की दुसऱ्या एका प्रामाणिक मुलाची जागा जाते, आणि पकडलं गेलं तर अख्खा संघ बाद होतो.

पावसाळा आणि शालेय स्पर्धा

मुरमाचं मैदान जूनच्या मध्यापासून बेभरवशाचं होतं. निसरड्यावर खेळवू नका, घोटा मुरगळण्याचं प्रमाण या खेळात आधीच मोठं आहे. शाळेचं सभागृह मिळालं तर घ्या. छत कमी उंचीचं असेल तर सामना होत नाही, स्पर्धेसाठी कोर्टावर ७ मीटर मोकळी उंची लागते. पण भिंतीवर फिंगर, बसून पास, ब्लॉकची पावलं, पोट-पाठ-पायांचे व्यायाम हे सगळं जमतं. आठवड्यातला एक दिवस नियमांचा ठेवा: रोटेशन (खेळाडूंनी ठरलेल्या क्रमाने जागा बदलणं), कोण कुणाच्या पुढे उभं राहू शकतं, गुणपत्रक कसं भरायचं. गुणपत्रक भरता येणारी मुलं पुढे तुमचेच गुणलेखक होतात, आणि रोटेशन चुकल्यामुळे जाणारे गुण तिथल्या तिथे थांबतात.

शालेय स्पर्धांचं गणित नव्या पालकांना कळत नाही, म्हणून नीट सांगतो. या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आपल्या जिल्ह्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण असे वेगळे विभाग आहेत. ग्रामीणमध्ये आधी तालुका पातळी. पुढे राज्याच्या आठ विभागांतून राज्य पातळी, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ. इथे प्रवेशिका भरते ती शाळा. क्लबला यात नाव नाही. तुमच्याकडची मुलं सात-आठ शाळांच्या जर्सी घालून उतरतात आणि कधीकधी एकमेकांसमोरच.

हे क्लबने मनापासून स्वीकारलं पाहिजे. काय करायचं? जूनच्या शेवटीच प्रत्येक शाळेच्या क्रीडा शिक्षकांना भेटा. "सर, तुमची ही चार मुलं आमच्याकडे खेळतात. त्यांच्या सरावाच्या वेळा या. तुम्हाला पोरं लागतील तेव्हा सांगा, आम्ही सोडू," एवढं म्हटलं की निम्म्या कुरबुरी संपतात. ज्या शाळेत सहा मुलं होत नाहीत तिथे बाकीची चार-पाच मुलं क्लबात आणून तयार करा. क्लबची वाढ तिथूनच होते. आपल्याच दोन मुलांचा सामना असेल तर क्लबच्या प्रशिक्षकाने कोणत्याही बाकावर बसू नये, प्रेक्षकांत बसावं.

प्रमाणपत्रं जपून ठेवायला लावा. विभागीय, राज्य पातळीवर खेळलेल्या दहावी-बारावीच्या मुलांना मंडळाच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळू शकतात. त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. क्लबने सगळ्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती एका फाइलीत ठेवल्या तर जानेवारीत धावपळ होत नाही.

शालेय स्पर्धांखेरीज संघटनेच्या जिल्हा निवड चाचण्या असतात. तिथे क्लबचं नाव लागतं. कुणाला पाठवायचं हे प्रशिक्षकांनी मिळून ठरवा, आणि ज्याला पाठवत नाही त्याला कारण त्याच दिवशी, समोर बसवून सांगा.

दुखणी

वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखणं ही नेहमीची तक्रार. उड्या फार झाल्या की तिथे सूज येते, दाबलं की मूल कळवळतं. "चालतंय, खेळ," म्हणू नका. उड्या कमी करा, पास-सर्व्हिस चालू ठेवा, महिनाभर बघा आणि कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. शालेय स्पर्धांच्या महिन्यात हा त्रास वाढतो, कारण मूल सकाळी शाळेत आणि संध्याकाळी क्लबात असं दोनदा उड्या मारत असतं. दोघांपैकी एका सरावाला सुट्टी द्यायची, आणि ती क्लबने द्यावी.

घोटा बहुतेक वेळा नेटखाली मुरगळतो. समोरच्याचा पाय मध्यरेषेवर आलेला असतो आणि ब्लॉक करून उतरणारा त्यावर पडतो. नियमाप्रमाणे पायाचा काही भाग रेषेला टेकलेला किंवा हवेत तिच्या वर असेपर्यंत फाउल होत नाही, पण सरावात आपण रेषेला स्पर्शही चालवून घ्यायचा नाही. बर्फ, क्रेप बँडेज, बोटांना लावायची टेप आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता एवढं मैदानावर कायम असावं. बर्फासाठी समोरच्या रसवंतीवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

दिवाळीनंतर: स्वतःची स्पर्धा

नोव्हेंबर ते जानेवारी हे पुण्यातले सोन्याचे दिवस. हवा कोरडी, संध्याकाळ गार, मैदान कडक. तालुक्यांच्या गावी प्रकाशझोतातले खुले सामने होतात, मोठ्या गटाला तिकडे जरूर न्या. पण लहानांसाठी आपलीच एक छोटी स्पर्धा घ्या.

पहिल्यांदा घेताना लोक सामन्यांची संख्या मोजतच नाहीत. आठ संघांची बाद पद्धत केली तर सात सामने होतात आणि निम्मे संघ एका सामन्यात घरी जातात. लोणावळ्याहून पहाटे निघून आलेला संघ दहा वाजता परत, हे मुलांच्या स्पर्धेत नको. चार-चार संघांचे दोन गट पाडून साखळी घेतली तर १२ साखळी सामने, दोन उपांत्य, एक अंतिम, असे १५ होतात. तीन सेटच्या सामन्याला सराव धरून ५० मिनिटं लागतात. म्हणजे एका कोर्टावर साडेबारा तास. हे एका दिवसात बसत नाही. एक तर दोन कोर्ट आखा, नाहीतर शनिवार-रविवार घ्या. साखळीत दोनच सेट ठेवून, बरोबरी झाली तर गुणांच्या फरकावर निकाल लावला तरी वेळ वाचतो.

भाग्यपत्रिका (कोणता संघ कुणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या) सगळ्या संघांच्या समोर काढा. पंच जिल्हा संघटनेकडून मागवा. प्रत्येक कोर्टाला पहिला पंच, दुसरा पंच, गुणलेखक आणि दोन रेषा पंच लागतात. रेषा पंच आणि गुणलेखक तुमच्या मोठ्या गटातून द्या, पंचांच्या हाताखाली ती मुलं खूप शिकतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढा आणि रात्री दहाच्या आत सगळं संपवा. जेवणाला पोहे, खिचडी, केळी पुरेत. बक्षीस समारंभ अर्ध्या तासाचा असू द्या, कारण मुलांना शेवटची बस पकडायची असते.

बाहेरगावी जाताना एसटीने जा किंवा नोंदणीकृत बसने. रात्रीचा प्रवास टाळा. मुलांची यादी, पालकांचे नंबर आणि संमतीपत्रं व्यवस्थापकाच्या पिशवीत, आणि त्यांची एक प्रत मागे पुण्यात राहिलेल्या माणसाकडे. वर्षात किती स्पर्धा? लहान गटाला तीन, मोठ्याला पाच-सहा. त्याहून जास्त झाल्या की सरावाला आठवडेच उरत नाहीत, आणि मुलं ऑगस्टमध्ये जे करत होती तेच जानेवारीतही करत राहतात.

एकदा तरी सगळ्यांना मोठा सामना मैदानावर बसून दाखवा. म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे झाल्या, २०१९ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धाही. तिथे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीचे सामने असले की तुकडीच घेऊन जा. प्रत्येक मुलाला एकाच खेळाडूवर नजर ठेवायला सांगा, आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते लिहून आणायला सांगा.

जानेवारी ते मार्च

जानेवारीच्या शेवटी दहावी-बारावीची मुलं थांबतात. त्यांना एकदम तोडू नका, शनिवारी सकाळचा एक तास हलका खेळ ठेवा, यायची सक्ती नको. अभ्यासाच्या ताणात तो तास त्यांना लागतो, आणि परीक्षेनंतर परत येण्याची वाट उघडी राहते. लहान गटांचा सराव आठवड्यात तीन दिवसांवर आणा आणि या काळात फक्त कौशल्याचं काम करा.

मार्चमध्ये सामानाची मोजदाद करायची, फाटलेली नेट शिवून घ्यायची, बाद चेंडू वेगळे काढायचे. हिशेब लेखापरीक्षकांकडे द्या आणि पालकांसमोर एका पानावर मांडा: जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती. मग प्रशिक्षकांनी बसून नोंदवहीतलं प्रत्येक नाव वाचायचं. जे मूल मधेच यायचं थांबलं, त्याच्या घरी फोन करायचा, शक्य असेल तर जाऊन भेटायचं. कारणं बहुतेक सोडवण्यासारखी असतात. क्लासची वेळ बदललेली असते, बूट फाटलेले असतात, गटात कुणी चिडवत असतं.

दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांपैकी दोन-तीन जणांना एप्रिलच्या शिबिरात सहायक म्हणून नेमा, थोडं मानधनही द्या. नव्या गटाला पहिल्या आठवड्यात हाताळायचं काम त्यांच्याकडेच सोपवा, आणि त्यांची नावं ठरली की शिबिराचे अर्ज छापायला टाका.